शुगरचा कानावर पण परिणाम होतो का? बाबांना नीट ऐकू नाही येऊन राहिलं

मानेवाड्याची_मधली

नमस्कार मंडळी, बाबांबद्दल विचारायचं होतं. वय ६३, शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत पण गोळ्यांसोबत जिलबी पण चालू आहे त्यामुळे मागचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९ आला. बीपीची पण गोळी आहे. डोळ्यांचा पडदा, पाय, किडनी, हे सगळं आम्ही दरवर्षी न चुकता करून घेतो. पण आता काही महिन्यांपासून टीव्हीचा आवाज एवढा वाढला की खालच्या भाडेकरूला बातम्या फुकटात ऐकायला मिळतात. काही विचारलं की "हो हो" म्हणतात आणि मग कळते की ऐकलंच नव्हतं. परवा आई म्हणाली सात वाजता निघायचं, तर हे आठ वाजता शर्ट घालून तयार, वरून आमच्यावरच चिडले की तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता.

गंमत अशी की गल्लीतून वरातीचा डीजे गेला की सगळ्यात जास्त त्रास यांनाच, दोन्ही हात कानावर. मग ऐकू येते का नाही येत? फोनवर भाचीचं एक अक्षर कळत नाही पण त्यांच्या एका मित्राचा आवाज जाड आहे, त्याच्याशी अर्धा अर्धा तास गप्पा चालतात.

रिटायर होईपर्यंत बाबा छापखान्यात मशीनवर होते. आई म्हणते मशीनीनं कान खाल्ले. काका म्हणतात वय झालं, सोड. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली शुगरनं पण कान जातात. हे खरं आहे का व्हॉट्सअपचं ज्ञान आहे? शुगरवाल्या डॉक्टरांनी कानाचा विषय कधी काढला नाही, आम्हीही विचारलं नाही. आणि समजा खरं असेल तर शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर ऐकू येणं परत येते का? दाखवायचं कुठे, सरळ कानाच्या मशीनच्या दुकानात जाऊ का आधी डॉक्टर?

तर्री_पोहा

ताई टेन्शन नका घेऊ, साठीनंतर सगळ्यांचंच होते हे. आमच्या बाबांना शुगर नाही बीपी नाही तरी डोरबेल ऐकू येत नाही, आणि आई हळू आवाजात त्यांच्याबद्दल काही बोलली की बरोबर ऐकू येते 😄 लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करा आणि रात्री दोन-दोन थेंब सोडा, आमच्या आजीचा उपाय आहे, मळ असेल तर निघून जाईल.

कानकोपरा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे किती ऐकू येते ते तपासणारी, रोजचं काम हेच. सगळ्यात आधी, तेल टाकू नका. डायबिटीसवाल्या माणसाच्या कानात तेल, काडी, किल्ली, इअरबड काहीच नाही. तर्री भाऊ राग नका मानू, का ते खाली सांगते.

ताई, मैत्रीण बरोबर बोलली. अमेरिकेत २००८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात २० ते ६९ वयाच्या लोकांची आवाजबंद बूथमध्ये बसवून तपासणी केलेली होती, नुसतं "ऐकू येते का हो" असं विचारून नाही. खालच्या आणि मधल्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येणारे डायबिटीसवाल्यांमध्ये २१ टक्के निघाले आणि बाकीच्यांमध्ये ९ टक्के. वरच्या पट्टीत ५४ विरुद्ध ३२. म्हणजे ढोबळमानानं दुप्पट धरा. आणि वय, आवाजाच्या ठिकाणची नोकरी, सिगारेट, औषधं हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरलाच. ज्यांची शुगर बॉर्डरवर होती त्यांच्यातही प्रमाण जास्त होतं. नंतर बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले त्यात अजून एक गोष्ट दिसली, साठीच्या आतल्यांमध्ये हा फरक उलट जास्त ठळक आहे. त्यामुळे "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही, चाळीस-पंचेचाळीसच्या शुगरवाल्यांनी तर मुळीच नाही.

आता होते कसं ते. आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया, त्यात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात आणि त्या सगळ्यांना रक्त पोचवणारी रक्तवाहिनी एकच, बारीक, तिला पर्यायी रस्ता नाही. उन्हाळ्यात टेल-एंडच्या वस्तीतल्या नळाचं जसं होते तसंच इथलं, वर थोडं जरी प्रेशर कमी झालं तरी शेवटच्या घरी पाणी नाही. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, हेच डोळ्याच्या पडद्यात होते, हेच किडनीत होते. कानात स्ट्रिया व्हॅस्क्युलारिस नावाची एक पट्टी आहे, तिचं काम आतल्या द्रवात पोटॅशियम भरपूर ठेवणं, केसपेशी त्याच्यावरच चालतात. तिथल्या रक्तवाहिन्या खराब झाल्या की पेशी थकतात आणि मग मरतात. शिवाय पायात जशा मुंग्या येतात, नसांवर परिणाम होतो, तसा तो कानाच्या नसेवरही होतो.

आधी जाते ते वरच्या पट्टीचं, बहुतेक वेळा. स, श, ट, फ असली अक्षरं तिथं असतात, बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज तिथं असतात. म्हणून भाचीचं कळत नाही आणि जाड आवाजाचा मित्र कळतो. बोलणं चालू आहे हे त्यांना ऐकू येते, शब्द सुटतात, म्हणून त्यांना खरंच वाटते की तुम्हीच पुटपुटता. डीजेचं पण तेच. हळू आवाज सांभाळून घेणाऱ्या बाहेरच्या केसपेशी गेल्या की हळू ते ऐकूच येत नाही आणि मोठं ते एकदम अंगावर येते. त्यामुळे घरात ओरडून बोलू नका, समोर येऊन, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला.

परत येते का, तर नाही. मेलेल्या केसपेशी माणसात परत उगवत नाहीत. शुगर कंट्रोलचा फायदा हा की जे उरलं आहे ते टिकायला मदत होते, म्हणून जिलबीचं काहीतरी करा.

मशीनच्या दुकानात सरळ जाऊ नका. आधी ईएनटी. मळ आहे का, पडद्याला भोक आहे का, आत पाणी आहे का ते पाहतात, ट्यूनिंग फोर्क लावतात, मग ऑडिओमेट्री. बूथमध्ये हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज आला की बटन दाबायचं, दुखत नाही काही नाही. उपाशी जायची गरज नाही (हे सगळेच विचारतात). आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे ईएनटी विभाग आहे, खाजगीत धंतोली-रामदासपेठेत रांग लागली आहे.

अमेरिकेची सीडीसी तर म्हणते शुगर निघाली की एकदा कान तपासा आणि मग दरवर्षी. आपल्याकडे पाय आणि डोळे आता लोकांना माहीत झाले, कान अजून यादीत आलाच नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, बाबांचा अंधारात तोल जातो का, रात्री बाथरूमला जाताना भिंत धरतात का? तोल सांभाळणारा भाग कानातच आहे, त्याला पण शुगरचा त्रास होतो. पायात बधिरपणा, डोळ्यांनी कमी आणि वरून हे, मग माणूस पडतो.

शंका_आहे

२१ आणि ९ टक्के ठीक आहे, पण एका वेळी तपासलेल्या लोकांच्या आकड्यांवरून शुगरमुळेच कान गेले हे कसं ठरवता? शुगरवाले लोक वजनदार असतात, बीपी असते, कोलेस्टेरॉल असते. कदाचित यांच्यातलंच काहीतरी कान खाऊन राहिलं असेल आणि नाव शुगरचं. आजकाल काहीही झालं की शुगर. केस गळले शुगर, झोप नाही आली शुगर.

कानकोपरा

@शंका_आहे प्रश्न रास्त आहे. तशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, मान्य. पण शुगर असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर त्यांचे आतले कान मायक्रोस्कोपखाली पाहिले गेले आहेत, त्यात रक्तवाहिन्यांच्या जाड झालेल्या भिंती आणि कमी झालेल्या बाहेरच्या केसपेशी दिसल्या आहेत. बीपी आणि कोलेस्टेरॉलचा हात असतोच, ते शुगरसोबत एकाच घरात राहतात. पेशंटच्या बाजूनं पाहिलं तर वाद कोणाकडेही सुटो, तपासणी करावीच लागते.

इतवारीचा_भाचा

तेलावरून सांगतो, आमच्या मामाजींचं झालं आहे. शुगर पंधरा वर्षांची, कधी कंट्रोल नाही. कान खाजवते म्हणून बर्डीवर एक कान साफ करणारा फिरतो त्याच्याकडून साफ करून घेतला, तो कापूस लावलेली सळई घालून काय काय काढतो आणि हातावर दाखवतो, मामाजी एकदम खुश. दोन-तीन दिवसांनी कान दुखायला लागला, मामीनं गरम तेल सोडलं, दुखणं वाढलं. रात्री एवढं दुखे की उठून बसत, जबडा हलवला की कळ डोक्यात जाई, कानातून घाण वासाचं पाणी. एका ठिकाणी दाखवलं, थेंब दिले, आठवडाभर थेंबच चालू. शेवटी तोंड एका बाजूला वाकडं झालं तेव्हा दुसरीकडे नेलं, तिथं स्कॅन केला आणि सांगितलं की इन्फेक्शन हाडात गेलं आहे, कवटीच्या खालच्या हाडात. भरती, सलाइनमधून अँटिबायोटिक, शुगरसाठी इन्सुलिन, घरी आल्यावरही किती तरी आठवडे गोळ्या. वाचले. पण तोंड पूर्ण सरळ काही झालं नाही, चहा पिताना एका बाजूनं अजून सांडते.

त्यामुळे तर्री भाऊ, आजीच्या उपायाला नमस्कार, पण शुगरवाल्याच्या कानात नको.

कानकोपरा

हेच मला खाली लिहायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलं. याला मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. नावात मॅलिग्नंट आहे पण कॅन्सर नाही, बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो आणि पेशंट बहुतेक वेळा वय झालेला, शुगर वाढलेला. कानाच्या नळीत जरासं खरचटलं की पुरते. रात्री वाढणारं कानाचं दुखणं आणि सोबत शुगर असेल तर थेंबांवर दिवस काढायचे नाहीत. मळ काढायचा तर ईएनटीकडे, आणि शुगर आहे हे आधी सांगा म्हणजे ते नळाच्या पाण्याची पिचकारी न मारता मशीननं ओढून काढतील.

तर्री_पोहा

बापरे. तेलाचा सल्ला मागे घेतला. आजीला नाही सांगत.

कूलर_काकू

मला शुगर पण आहे आणि दोन्ही कानांत मशीन पण आहे, तर माझ्याकडून थोडं. मशीन म्हणजे चष्मा नाही की घातला आणि दिसलं. पहिले काही दिवस पंख्याचा आवाज, पेपर चुरगळल्याचा आवाज, पोळी भाजताना चिमट्याचा आवाज, सगळं कानात घुसते आणि वाटते फेकून द्यावं. पुष्कळ लोक इथंच हार मानतात आणि मशीन डब्यात जाते. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्या आणि सेटिंग करायला परत परत जा, त्याचे वेगळे पैसे पडतात का ते घेतानाच विचारून घ्या.

आपल्या नागपूरची खरी अडचण कूलर. मे महिन्यात चोवीस तास तो धडधडतो, त्याच्यासमोर बसून चांगल्या कानाच्या माणसाला ऐकू येत नाही तर आपल्याला काय येणार. मी जेवताना कूलर बंद करायला लावते, घरचे घामाघूम होतात पण दहा मिनिटं गप्पा होतात. आणि घाम! कानामागे घाम उतरतो आणि मशीनमध्ये ओल जाते. रात्री काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवायची, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. मशीनच्या कानातल्या साच्याखाली कातडी ओली राहिली की खाज आणि बुरशी होते, शुगरवाल्यांना जास्त, त्यामुळे कान पुसून कोरडा करून मगच घालायची, दिवसातून थोडा वेळ मोकळा ठेवायचा. बॅटरीच्या नंबरचे रंग ठरलेले असतात, नारिंगी स्टिकर म्हणजे १३, तपकिरी म्हणजे ३१२, दुकानात रंग सांगितला तरी देतात. आता चार्जिंगवाल्या पण निघाल्या आहेत, बोटं थरथरत असतील तर त्याच बऱ्या.

पैशाचं म्हणाल तर साध्या डिजिटलपासून लाखाच्या वर काहीही आहे. ६५ पूर्ण असतील आणि उत्पन्न बसत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळतात, एवढ्यात चांगली मशीन येत नाही पण हातभार लागतो.

मानेवाड्याची_मधली

सगळ्यांचे खूप आभार. काल दाखवून आणलं. डाव्या कानात मळाचा गोळा होता तो काढला, मग टेस्ट केली. बाबा बूथमध्ये एवढे सिरियस होऊन बसले जसे दहावीच्या पेपरला बसले आहेत. रिपोर्ट टाकते, दोन्ही कानांचं जवळपास सारखंच आहे. ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६५, ८००० ला ५५. "नसेचा आहे" एवढंच सांगितलं आणि दोन्ही कानांना मशीन लिहून दिली. मी विचारलं शुगरमुळे का, तर डॉक्टर म्हणाले मिक्स आहे, बाहेर पुढचा पेशंट उभाच होता. @कानकोपरा जरा समजावून सांगाल का? आणि हो, अंधारात भिंत धरतात, तुम्ही विचारल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली कधीपासूनच.

कानकोपरा

मी बाबांना तपासलं नाही त्यामुळे आकड्यांवरून जेवढं दिसते तेवढंच. पहिला आकडा आवाजाच्या पट्टीचा, दुसरा तो ऐकू यायला किती डेसिबल लागले त्याचा, जास्त तितकं वाईट. ४००० वर सगळ्यात खोल खड्डा आणि ८००० ला थोडं वर, ही आवाजामुळे झालेल्या नुकसानीची ठरलेली खूण आहे, म्हणजे आईचं बोलणं खोटं नाही, छापखान्यानं आपला वाटा घेतला. नुसत्या वयाचं असतं तर ८००० ला सगळ्यात वाईट आलं असतं. पण २००० ला ४५ आहे, १००० पण ३० ला आहे, एवढं सगळं एकट्या मशीनीच्या माथी मारता येत नाही, तिथं वय, बीपी आणि शुगर आलेच. कोणाचा वाटा किती हे या रिपोर्टवरून वेगळं काढता येत नाही, डॉक्टर मिक्स म्हणाले ते बरोबरच आहे. ५०० ते ४००० ची सरासरी ४१ च्या आसपास येते, मध्यम स्वरूपाचं. या टप्प्यावर मशीनचा चांगला उपयोग होतो कारण शब्द ओळखायची ताकद अजून असते, फार उशीर केला की आवाज मोठा करूनही शब्द लागत नाहीत. दोन्ही कानांना घ्या, एकाच्या पैशात भागवायचा मोह होतो पण गर्दीत एका कानानं नीट जमत नाही.

हा कागद शुगरच्या फाइलला लावा आणि पुढच्या वेळी शुगरवाल्या डॉक्टरांना दाखवा. भिंत धरण्याचंही सांगा. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा छोटा दिवा आजच लावून टाका. पुढे कधी भरती व्हायची वेळ आली आणि किडनीचे आकडे वाढलेले असतील तर कान आधीच कमजोर आहेत हे तिथं सांगायचं, अमिकासिन, जेंटामायसिन असली इंजेक्शनं कानाला त्रास देतात, डॉक्टर जमलं तर दुसरं निवडतात. चालू असलेली कोणतीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका मात्र.

सदरचा_सोनू

मध्येच घुसतो, सॉरी. मी ४४, शुगर तीन-चार वर्षांपासून. काल सकाळी उठलो तेव्हापासून उजवा कान बंद, आत सूं सूं आवाज येऊन राहिला, फोन त्या कानाला लावला तर समोरचा लांबून बोलल्यासारखा वाटते. दुखत नाही काही नाही. सर्दी असेल म्हणून वाफ घेऊन राहिलो. सोमवारपर्यंत वाट पाहू का?

कानकोपरा

नाही. आजच जा. तोंड मिटून "म्म्म" असा आवाज काढून पाहा, कोणत्या बाजूला जास्त येते?

सदरचा_सोनू

डावीकडे. चांगल्या कानात.

कानकोपरा

मग नुसती सर्दी किंवा मळ असण्याची शक्यता कमी झाली, तसं असतं तर बंद कानात जास्त घुमलं असतं. आणि समजा उजवीकडे आलं असतं तरी मी आजच जा म्हटलं असतं. एका कानाचं ऐकणं अचानक जाणं ही इमर्जन्सी आहे. स्टेरॉइड जेवढं लवकर सुरू होईल तेवढी परत येण्याची आशा जास्त, पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच, त्यानंतर फार हाती लागत नाही. शुगर आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शुगर चढते, त्यामुळे ते मोजायला लावतील, औषध वाढवतील किंवा पडद्यातून कानातच इंजेक्शन देतील, त्यानं शुगर तेवढी हलत नाही. शुगर वाढेल म्हणून घरी बसून राहणं हा पर्याय नाही. आज ओपीडी संपली असेल तर मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा आणि ईएनटीचा ड्यूटी डॉक्टर मागा.

सदरचा_सोनू

ओके, निघतो. धंतोलीत एक ओळखीचे आहेत, फोन केला, सहापर्यंत आहेत म्हणाले.

इतवारीचा_भाचा

गाडी नको नेऊ भाऊ, या टायमाला धंतोलीत पार्किंग शोधण्यातच सात वाजतील. ऑटो कर, आणि काय झालं ते इथं टाक.